मधुमेह कोणता, हे ठरेपर्यंत

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात इंदूर येथे भरलेल्या आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण. वक्ते संस्थेच्या वैद्यकीय साहाय्य समितीचे अनेक वर्षे कार्यवाह होते.)



आपल्या संस्थेला पन्नास वर्षे पुरी होत आहेत आणि या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा अध्यक्षांनी मला केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य चिटणिसांनी मलाच दिले होते. संस्थेचा इतिहास सांगावा असे प्रथम मनात आले. परंतु ते काम माझ्याहून अधिकारी माणसांनी केलेले आहे. तेव्हा ज्या विषयाचा अभ्यास मला नाइलाजाने करावा लागला, त्याच विषयावर बोलावयाचे मी ठरविले. मधुमेह झाला आहे हे कळले, पण तो कोणत्या प्रकारचा हे कळत नाही, अशा स्थितीत माणसाने कसे वागावे, हा तो विषय होय.

प्रारंभीच सांगून टाकतो की, मी डॉक्टर नाही. माझी हयात बँकेत हिशेब लिहिण्यात गेली. कागदावर एखादा रकाना रिकामा दिसला की माझा जीव आजही अस्वस्थ होतो. हा स्वभावदोष मी मुद्दाम सांगत आहे, कारण पुढील हकीकतीशी त्याचा संबंध आहे.

आपल्यापैकी जुन्या सभासदांना आठवत असेल की, औषधांसाठी मदत मागणाऱ्यांनी भरावयाचा अर्ज मीच तयार केला होता. नाव, वय, पत्ता, मिळकत, रोगाचे नाव, असे रकाने होते. आणि मधुमेह असल्यास ‘प्रकार पहिला’ किंवा ‘प्रकार दुसरा’ यांपैकी एकावर खूण करावयाची होती. इन्सुलिनची मदत पहिल्या प्रकारच्या रुग्णांना प्राधान्याने द्यावी, असे तेव्हा समितीचे धोरण होते. नियम चांगल्या हेतूने केलेला होता. पैसा थोडा, मागणारे पुष्कळ. तेव्हा कोठेतरी रेघ ओढावी लागते.

२०१३ साली एका भगिनीचा अर्ज आला. वय एकतीस, अंगाने अगदी किरकोळ, शिवणकामावर घर चालविणाऱ्या. त्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही प्रकार खोडून शेजारी लिहिले होते, “प्रकार अद्याप अनिश्चित, इन्सुलिन आवश्यक.” मी तो अर्ज ‘अपूर्ण’ असा शेरा मारून परत पाठविला. माझ्या मनात काही वाकडे नव्हते. रकाना भरून आला असता तर मी त्याच दिवशी मंजुरी दिली असती. परंतु डॉक्टरांनी खरे तेच लिहिले आहे, आणि त्या ओळीचा उत्तरार्ध पूर्वार्धाहून महत्त्वाचा आहे, हे माझ्या ध्यानी आले नाही.

हातातली बाटली पुरवून पुरवून वापरावी म्हणून त्या बाईंनी इन्सुलिन निम्मे केले. तीन आठवड्यांनी त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. साखर पाचशेच्या वर गेली होती, अंगातले पाणी आटले होते. ईश्वरकृपेने त्या वाचल्या. मला कळल्यावर मी भेटावयास गेलो, तेव्हा त्या अंथरुणावरून उठण्याचा प्रयत्न करीत मला म्हणाल्या, “काका, कागद पुरा करून आणते म्हटलं होतं, राहून गेलं.” क्षमा मी मागावयाची होती, ती त्यांनी मागितली. ही गोष्ट मी त्यांच्या परवानगीने सांगत आहे.

पुढे २०१५ साली त्यांच्या पोटाची नीट तपासणी झाली. लहानपणापासून त्यांचे पोट अधूनमधून दुखे. घरात सर्वजण ‘पित्त’ म्हणून सोडून देत. ते पित्त नव्हते. त्यांच्या स्वादुपिंडात खडे झालेले होते. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे असलेली, इन्सुलिन तयार करणारी ग्रंथी. अशा खड्यांमुळे होणारा मधुमेह उष्ण प्रदेशांत आढळतो. आपल्या देशात केरळात त्याचा विशेष अभ्यास झालेला आहे. तो पहिल्या प्रकारात बसत नाही आणि दुसऱ्यातही बसत नाही. म्हणजे ज्या दोन चौकोनांपैकी एकावर खूण करून आणा असे मी त्यांना बजावले होते, त्यांपैकी एकही त्यांचा नव्हता.

तोपर्यंत माझ्यावरही तीच पाळी आलेली होती.

२०१४ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, मला मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले. आमच्या आईला तो होता, थोरल्या बंधूंनाही आहे. वय पन्नाशीपुढचे, घराण्यात रोग. तेव्हा दुसरा प्रकार, असे पहिल्या भेटीतच ठरले आणि गोळ्या सुरू झाल्या. त्यात डॉक्टरांची चूक होती असे मी म्हणणार नाही. अशा वयात शंभरांतील बहुतेकांना दुसराच प्रकार असतो. परंतु माझी साखर काही उतरेना. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या. आणि वजन मात्र एकसष्ट किलोंवरून बावन्नावर आले.

आता आपले इंदूर कसे आहे ते आपण जाणताच. सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफा. जो भेटेल तो मला विचारी, “भाऊसाहेब, जिलबी सोडली नाही ना अजून?” शेजारचे गुप्ताजी ‘शक्कर की बीमारी’वर कारल्याचा रस घेऊन येत. आमच्या आत्याबाई तर स्पष्टच म्हणाल्या, “मनावर ताबा नाही, दुसरं काय!” वास्तविक मी वर्षभर गोडाला शिवलो नव्हतो. परंतु चारचौघे म्हणतात त्या अर्थी आपलेच काही चुकत असावे, असे मलाही वाटू लागले. मी भाकरी अर्ध्यावर आणली, चालणे दुप्पट केले. जो रोग उपाशी राहून बरा होण्यासारखा नव्हता, त्यासाठी मी स्वतःला उपाशी ठेवीत होतो.

२०१६ साली ग्लिफ्लोझिन वर्गातील एक नवीन गोळी मला सुरू झाली. ही गोळी जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकते. पुष्कळ रुग्णांच्या हृदयाला व मूत्रपिंडाला ती हितकारक ठरलेली आहे, हे आधी सांगितले पाहिजे. माझीही साखर सुधारलेली दिसू लागली. त्यानंतर आषाढी एकादशी आली. उपास केला, त्यात ताप आला, दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि धाप लागली. घरच्या यंत्रावर साखर पाहिली तर अवघी १९०. “साखर तर फारशी नाही, उपास बाधला असेल,” असे म्हणून आम्ही सायंकाळपर्यंत घरीच बसलो. आमच्या सौ.ना माझ्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास आला, म्हणून त्यांनी हट्टाने रुग्णालयात नेले. रक्तात कीटोन नावाची आम्ल द्रव्ये साचली होती. आणखी रात्र काढली असती तर मी आज या व्यासपीठावर उभा नसतो.

ज्याच्या शरीरात स्वतःचे इन्सुलिन फार थोडे उरले आहे, त्याने ही गोळी घेतली तर साखर फार न वाढताही कीटोन वाढू शकतात. आणि उपास व आजार ही त्याला निमित्ते होतात. प्रकार चुकीचा समजला गेला तर काय होऊ शकते, याचा हा माझ्यापुरता पुरावा.

त्या दिवसापासून मी इन्सुलिनवर आहे. पोटाच्या कातडीची चिमूट धरून सुई कशी टोचावी, हे मला कोणी शिकविले असेल? ज्यांचा अर्ज मी परत पाठविला होता, त्याच भगिनींनी.

आता आपणांस वाटेल की, येथे उलगडा झाला. तसे झाले नाही. नव्या डॉक्टरांनी दोन तपासण्या केल्या. पहिली ‘गॅड’ प्रतिपिंडांची. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराचे संरक्षक दळ आपल्याच स्वादुपिंडातील पेशींवर उलटते आणि त्या बंडाळीची खूण म्हणून रक्तात ही प्रतिपिंडे सापडतात. माझ्या रक्तात ती सापडली नाहीत. दुसरी तपासणी सी-पेप्टाइडची. शरीर जेवढे इन्सुलिन स्वतः बनविते, तेवढेच सी-पेप्टाइड त्यासोबत बाहेर पडते. म्हणून बाहेरून इन्सुलिन टोचत असतानाही घरची पेदावार किती, हे त्यावरून मोजता येते. हा आकडा साधारणतः ०.६ च्या खाली असला तर पहिला प्रकार संभवतो, १.८ च्या वर असला तर बहुधा दुसरा. माझा आला ०.९. बरोबर मध्ये! डॉक्टर म्हणाले, “आज सांगता येत नाही. इन्सुलिन चालू ठेवू आणि काही वर्षांनी पुन्हा पाहू.”

काही वर्षांनी! ज्याने आयुष्यभर रोजचा ताळेबंद रोज जुळविला, त्याला हे ऐकून कसे वाटले असेल याची कल्पना करा. मी चिडलो, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तिसऱ्यांकडे गेलो. एकाने पहिला म्हटले, एकाने दुसराच म्हटले. रात्री झोप येईना. आणि एके दिवशी, जुने कागद चाळताना, तोच शेरा माझ्या डोळ्यांपुढे आला: “प्रकार अद्याप अनिश्चित, इन्सुलिन आवश्यक.” त्या वेळी मला ती ओळ प्रथमच नीट वाचता आली. पूर्वार्ध हा डॉक्टरांचा प्रश्न आहे, उत्तरार्ध हा माझा आजचा दिवस आहे. पहिल्याचे उत्तर मिळाले नाही म्हणून दुसरा अडून राहत नाही.

यानंतर मी त्रागा सोडून थोडे वाचन केले. त्यात जे आढळले त्याने मला मोठा धीर आला, म्हणून ते आपणांपुढे ठेवतो.

मधुमेहाचे दोन प्रकार करण्याची कल्पना आपल्याकडे फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे ‘सहज’ आणि ‘अपथ्यनिमित्तज’ असे दोन भेद सांगितले असून पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असे वर्णन केलेले आहे. अर्वाचीन काळी टोरांटो येथे १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागला आणि १९२२ च्या जानेवारीत एका चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. तरीही सर्व रोग्यांचा मधुमेह एकच नाही, हे प्रयोगाने दाखविण्यास १९३६ साल उजाडावे लागले. इंग्लंडातील हिम्सवर्थ यांनी त्या वर्षी दाखवून दिले की, काही रोग्यांना इन्सुलिन लगेच लागू पडते, तर काहींचे शरीर त्याला दाद देत नाही.

पुढे नावे सतत बदलत राहिली. १९७९ साली ‘इन्सुलिनवर अवलंबून असलेला’ व ‘नसलेला’ अशी विभागणी रूढ झाली. पण दुसऱ्या गटातील कित्येकांना इन्सुलिन घ्यावेच लागे, त्यामुळे घोटाळा होई. १९९७ साली ती नावे टाकून ‘पहिला’ व ‘दुसरा’ हे साधे आकडे आले. त्याच वर्षी ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासातून असे प्रसिद्ध झाले की, दुसरा प्रकार म्हणून नोंदलेल्या सुमारे दहा टक्के रुग्णांच्या रक्तात गॅड प्रतिपिंडे होती. प्रौढ वयात संथपणे येणाऱ्या या मधुमेहाला ‘लाडा’ असे एक लाडके नाव मिळाले आहे, गुण मात्र लाडके नाहीत. शिवाय एकाच जनुकातील दोषाने येणारा, घराण्यात पिढ्यान् पिढ्या तरुणपणीच दिसणारा ‘मोडी’ नावाचा प्रकार निराळाच. आपल्या मोडी लिपीशी त्याचा संबंध नाही. पण वाचावयास तितकाच अवघड खरा.

२०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने मधुमेहाचे नवे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात मिश्र स्वरूपाच्या मधुमेहांना जागा दिली. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘अवर्गीकृत’ असा एक वर्गच ठेवला. विशेषतः रोग नुकताच आढळला असताना प्रकार स्पष्ट होत नसेल, तर काही काळापुरते रुग्णाला त्यात ठेवावे, असे सांगितले. २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी निगडित मधुमेहाला ‘पाचवा प्रकार’ म्हणून मान्यता दिली. हाच रोग १९८५ च्या यादीत होता आणि १९९९ च्या यादीतून गळला होता. सारांश, जगातील जाणत्या मंडळींनी ज्या यादीत इतक्या वेळा खाडाखोड केली, त्या यादीत आपला चौकोन चटकन सापडला नाही म्हणून आपण खजील होण्याचे कारण नाही.

आपल्या लोकांच्या बाबतीत ही अडचण थोडी अधिकच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. यडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उंची व वजन यांवरून काढला जाणारा दोघांचा निर्देशांक एकच, २२.३. परंतु अंगातील चरबी मोजली तेव्हा यडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. वरून सडपातळ आणि आतून चरबीयुक्त, अशी आपल्यापैकी पुष्कळांची घडण असते. म्हणून पाश्चात्त्य देशांत ‘कृश तो पहिला, स्थूल तो दुसरा’ हा ठोकताळा जेवढा चालतो, तेवढा आपल्याकडे चालत नाही. वयाचा ठोकताळाही तसाच. २०१८ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात, साठीपर्यंत होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहापैकी ४२ टक्के तिशीनंतर सुरू होतो असे आढळले. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे गृहमंत्री असताना, २०१२ साली, त्यांना प्रथम दुसरा प्रकार सांगण्यात आला होता. गोळ्या लागू पडेनात, तेव्हा तो पहिला असल्याचे कळले. त्यांचे वय तेव्हा छप्पन होते. एवढ्या थोर पदावरच्या बाईंची ही गत, तेथे इंदूरच्या एका हिशेबनिसाची कथा काय!

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. त्या माझ्या डॉक्टरांनी तपासून दिलेल्या आहेत. तथापि प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारूनच वागावे.

पहिली गोष्ट, संशय केव्हा घ्यावा. वजन प्रयत्नावाचून उतरत असेल, गोळ्या नीट घेऊनही थोड्याच वर्षांत निकामी ठरत असतील, रक्तात वा लघवीत कीटोन सापडले असतील, स्वतःला किंवा घरात थायरॉइडसारखे संरक्षक दळाच्या बंडाळीचे विकार असतील, पोटात वारंवार कळा येत असतील, किंवा तीन पिढ्यांत तरुणपणीच मधुमेह झालेला असेल, तर “माझा प्रकार पुन्हा तपासून पाहता येईल का?” असे डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे. विचारण्यात त्यांचा अपमान नाही.

दुसरी, तपासणीचा अर्थ. प्रतिपिंडे पुष्कळ असली तर पहिला प्रकार बहुधा निश्चित. पण ती सापडली नाहीत म्हणून पहिला प्रकार नाहीच, असे होत नाही. सी-पेप्टाइड सुरुवातीच्या काळात फसवे ठरू शकते, कारण नव्या रोग्यात काही इन्सुलिन शिल्लक असते. साधारण तीन वर्षांनंतर ते अधिक खात्रीने बोलते. त्याच वेळची साखरही सोबत मोजावी, आणि मूत्रपिंडे अधू असतील तर आकडा खोटा वाढतो, हे लक्षात ठेवावे. इन्सुलिन घ्यावे लागते एवढ्यावरून पहिला प्रकार ठरत नाही. दुसऱ्या प्रकारच्या पुष्कळांनाही काही वर्षांनी ते लागते.

तिसरी, प्रकार ठरेपर्यंतची सावधगिरी. संशय आहे तोवर घरात कीटोन तपासण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. उलट्या, पोटात दुखणे, धाप, श्वासाला फळासारखा वास, गुंगी, यांपैकी काही दिसले तर साखरेचा आकडा कमी आहे म्हणून थांबू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. ग्लिफ्लोझिनची गोळी चालू असेल तर आजारात व उपासात ती बंद ठेवावी काय, हे आधीच विचारून लिहून ठेवावे. इन्सुलिन चालू असेल तर ते स्वतःच्या मनाने कधीही सोडू नये, जेवण जात नसले तरीही. मात्रा किती ठेवावी ते डॉक्टर सांगतील. आणि साखर सत्तरच्या खाली उतरून घाम व थरकाप सुटला, तर तीन चमचे साखर पाण्यात घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. उपासतापासाच्या बाबतीत एवढेच म्हणतो की, विठोबाला माझी एकादशी पोहोचली असेल तर ती तेवढी एकच पुरे. पुढच्या एकादशा मी वरीचे तांदूळ मोजून आणि इन्सुलिन घेऊन करतो.

चौथी, एक वही ठेवावी. तारीख, वजन, साखर, कोणते औषध केव्हा सुरू झाले, त्याने काय झाले, तपासण्यांचे आकडे, सर्व एका जागी. डॉक्टर बदलले तरी वही बदलत नाही. माझा चौथा डॉक्टर जे ठरवू शकला, ते पहिल्या तिघांहून तो हुशार म्हणून नव्हे, तर त्याच्या हाती सात वर्षांची वही होती म्हणून.

आता मनाविषयी. अनिश्चिततेत माणसाला दोन भुते छळतात. एक म्हणते, ‘हे तूच ओढवून घेतलेस.’ दुसरे म्हणते, ‘नाव कळेपर्यंत काहीच करता येणार नाही.’ पहिल्या भुताला आपण नातेवाईकच खाऊ घालतो. पहिला प्रकार गोड खाल्ल्याने होत नाही. दुसऱ्या प्रकारात खाण्यापिण्याचा व वजनाचा भाग आहे, पण आईबापांकडून आलेली घडणही आहे. तो काही गुन्हा नव्हे. तेव्हा पंगतीत मधुमेही शेजाऱ्याच्या पानाकडे पाहून टोमणा मारण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. आत्याबाईंनी नंतर माझ्यासाठी शेवग्याच्या शेंगांची आमटी करून डबा पाठविला आणि त्या विषयावर पुन्हा अक्षर काढले नाही. मला सर्व काही मिळाले.

दुसऱ्या भुताचा त्रास मला मुलीच्या लग्नाच्या वेळी झाला. वरपक्षाकडील वडील मंडळींनी सभ्यपणे विचारले, “आपला आजार कोणत्या प्रकारचा? मुलांत उतरण्यासारखा आहे का?” प्रश्न रास्त होता. दुसरा प्रकार घराण्यात बराच उतरतो, पहिला त्या मानाने कमी, आणि मोडी असेल तर प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. पण माझा कोणता? मी गप्प झालो. खोटे सांगावे असा विचार क्षणभर मनात येऊन गेला, हेही लपवीत नाही. तेव्हा मुलगीच पुढे होऊन म्हणाली, “बाबांचा प्रकार अजून ठरलेला नाही. मी माझी साखर दर वर्षी तपासते, ती आजवर ठीक आहे. पुढं जे होईल ते होईल.” लग्न झाले, सुखाने संसार चालला आहे. माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगावे आणि करण्याजोगे आहे ते करीत राहावे, हे मी माझ्या मुलीकडून शिकलो.

२०१९ साली माझे सी-पेप्टाइड ०.७ आले, २०२३ साली ०.५. डॉक्टरांनी कागदावर लिहिले, “बहुधा पहिला प्रकार.” सात वर्षांपूर्वी त्या ‘बहुधा’ने माझी झोप उडविली असती. आता तो शब्द मला टोचत नाही. दिवसातून चार वेळा जे टोचते त्याचीही सवय झाली आहे. वजन पुन्हा साठावर आले आहे, आणि वर्षातून एकदा, गुढीपाडव्याला, मी इन्सुलिनचा हिशेब करून श्रीखंडही खातो.

शेवटी अर्जाविषयी. रुग्णालयातून घरी आल्यावर मी समितीपुढे दोन सूचना मांडल्या आणि त्या एकमताने मंजूर झाल्या. ‘प्रकार’ या रकान्यापुढे ‘माहीत असल्यास’ हे शब्द घालण्यात आले. आणि त्याच्या वर एक नवा रकाना आला, ‘आज कोणते औषध लागते?’ मदत आता या वरच्या रकान्यावरून दिली जाते. त्यानंतर एकही अर्ज प्रकार ठरला नाही म्हणून परत गेलेला नाही. गॅड व सी-पेप्टाइड या तपासण्या मात्र सर्वांना परवडत नाहीत. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून त्यांसाठी काही रक्कम निराळी काढून ठेवावी, अशी विनंती मी विश्वस्त मंडळींना या व्यासपीठावरून करतो. ज्या भगिनींचा मी उल्लेख केला, त्या दर रविवारी सकाळी याच सभागृहाच्या बाहेरच्या खोलीत नव्या रुग्णांना इन्सुलिन टोचावयास शिकवितात. ज्यांना गरज असेल त्यांनी संकोच न करता यावे. त्या कोणालाही ‘प्रकार कोणता?’ असे आधी विचारीत नाहीत. सकाळी काही खाल्ले आहे काय, एवढेच विचारतात.